निघायचं किती वाजता?

नांदेड आणि लातूर ही शेजारशेजारची जिल्ह्याची ठिकाणं. शेजार मात्र मराठवाड्याच्या मापाचा, रस्त्याने साधारण 140 किलोमीटरचा. रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायचं असेल तर रस्त्यालाच लागावं लागतं. नांदेडजवळ विष्णुपुरीला असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात लातूरच्या प्राध्यापकांची कामं निघतात, कारण लातूर जिल्हा त्याच विद्यापीठाखाली येतो. लातूरच्या क्लासेसमध्ये मूल ठेवलेले नांदेडचे पालक उलट दिशेने जातात. आदल्या रात्री या सगळ्यांना प्रश्न एकच पडतो: निघायचं किती वाजता?

दिसायला हा प्रश्न साधा आहे, पण त्यात भूगोल आहे, अंकगणित आहे, नोबेलविजेत्याचं अर्थशास्त्र आहे आणि खुद्द सूर्यही आहे.

आधी सूर्य. नकाशा उघडून बघा. लातूर नांदेडच्या जवळजवळ तंतोतंत नैऋत्येला आहे, सुमारे 80 किलोमीटर दक्षिणेला आणि तेवढंच पश्चिमेला. आता नांदेडचा माणूस सकाळी लातूरला निघाला की त्याचं तोंड नैऋत्येकडे आणि सूर्य पूर्वेला, म्हणजे डाव्या खांद्यामागे. संध्याकाळी तो परततो तेव्हा तोंड ईशान्येकडे आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्या खांद्यामागेच! दिवसातून दोनदा प्रवास आणि दोन्ही वेळा ऊन पाठीशी. लातूरहून नांदेडला येणाऱ्याचं बरोबर उलट होतं. सकाळीही सूर्य पुढून उजवीकडे, संध्याकाळीही पुढून उजवीकडे, आणि आपल्याकडे स्टिअरिंग असतं तेही उजवीकडेच.

त्यातही ऋतूंचा खेळ आहे. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, तेव्हा लातूरकराच्या नजरेच्या रेषेपासून तो जेमतेम 20-22 अंशांवर असतो. डिसेंबरात सकाळ सुसह्य होते, पण परतताना तोच सूर्य नैऋत्येकडे सरकून मावळतो आणि पुन्हा तितकाच समोर येतो. रस्ता वळणं घेतो, त्यामुळे हे मिनिटागणिक बदलतं, पण एकूण हिशेब तोच राहतो. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं. एकच रस्ता, एकच अंतर, आणि राहायचं कुठे व नोकरी कुठे एवढ्यावरून एकाच्या डोळ्यांना रोज त्रास आणि दुसऱ्याला अजिबात नाही. लातूरहून निघणाऱ्याने उन्हाळ्यात सूर्य वर चढेपर्यंत थांबावं किंवा उजाडायच्या आधी बरंचसं अंतर कापावं. काच आतून पुसलेली असावी, कारण समोरच्या उन्हात आतल्या बाजूचा धुळीचा थरच जास्त झळकतो. नांदेडला सूर्य लातूरच्या सुमारे तीन मिनिटं आधी उगवतो, तेवढी सवलत नांदेडकराला फुकटची.

लातूरला जाणारी गाडी नुसती पुढे जात नाही, ती वरही चढत असते. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे 630 मीटरवर. लोहा, माळाकोळी, अहमदपूर करत गाडी न जाणवता 270 मीटर चढून जाते. चार माणसं बसलेली छोटी कार एवढी उचलायला साधारण तिसरा हिस्सा लिटर पेट्रोल लागतं. येताना त्यातलं काही वसूल होतं.

आता वेळेचं गणित. 140 पैकी 120 किलोमीटर मोकळा महामार्ग धरू आणि 20 किलोमीटर गावं, फाटे, चौक आणि दोन्ही शहरांतली गर्दी. महामार्गावर 80 चा वेग ठेवला तर 90 मिनिटं. गर्दीत 25 चा वेग मिळाला तर त्या 20 किलोमीटरना 48 मिनिटं. एकूण 2 तास 18 मिनिटं. घाईतला माणूस काय करतो? 80 चे 100 करतो. तेव्हा 90 ची 72 मिनिटं होतात आणि 18 मिनिटं वाचतात. तोच माणूस गर्दी व्हायच्या आधी निघाला आणि शहरांत त्याला 25 ऐवजी 40 चा वेग मिळाला, तर 48 ची 30 मिनिटं होतात. वाचली पुन्हा 18 च मिनिटं! फरक एवढाच की पहिल्या 18 मिनिटांसाठी गाडीतली गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त वाढवावी लागली. डिव्हायडरच्या कटमधून अचानक ट्रॅक्टर आडवा आला तर ब्रेकला ती सगळी जिरवावी लागते. दुसऱ्या 18 मिनिटांसाठी फक्त गजर थोडा अलीकडे लावावा लागला. म्हणून मी तरी म्हणेन की या प्रवासाचा वेळ महामार्गावर ठरतच नाही, तो दोन्ही टोकांना ठरतो.

ही टोकाची गर्दी येते कुठून? नांदेड ते लातूर रोज पूर्ण अंतर जाणारे थोडेच. खरी गर्दी अपडाऊनवाल्यांची आहे. मुलांच्या शाळेसाठी घर नांदेडला आणि नोकरी लोह्याला. घर लातूरला आणि नोकरी चाकूर किंवा अहमदपूरला. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, तहसीलमधली मंडळी सकाळी दोन्ही शहरांतून बाहेर पडतात आणि मधल्या गावांकडे निघतात. त्याच वेळी खेड्यांतली मुलं आणि दवाखान्याला निघालेली माणसं एसटीने, काळी-पिवळीने शहरात शिरत असतात. राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कार्यालयाची वेळ बहुतेक ठिकाणी पावणेदहा ते सव्वासहा झाली. त्यामुळे सोमवारची सकाळ आणि शुक्रवारची संध्याकाळ जास्तच भरते.

गर्दीत गाडी थांबते तेव्हा पुढे अपघात झालाय, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा पुढे काहीच नसतं. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 230 मीटर परिघाच्या वर्तुळावर 22 गाड्या सोडल्या आणि चालकांना सारख्याच, ताशी 30 किलोमीटर वेगाने फिरायला सांगितलं. सिग्नल नाही, चौक नाही, म्हैस आडवी नाही. थोड्या वेळाने एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त लावला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि बघता बघता काही गाड्या जागेवर थांबल्या. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत होती. 2008 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. लातूर फाट्याजवळ सकाळी विनाकारण अडकलो असं वाटतं, तेव्हा अशी एखादी लाट आपल्यापर्यंत येऊन पोचलेली असू शकते. ती सुरू करणारा कधीच पुढे निघून गेलेला असतो! समोरच्या गाडीपासून थोडं जास्त अंतर ठेवलं, तर ब्रेक न लावता नुसता पाय उचलून भागतं आणि लाट आपल्यापाशी विरते. एका माणसाने मागच्या पन्नास जणांवर करावा असा हा उपकार आहे.

मग सगळेच लवकर का निघत नाहीत? याचं उत्तर विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1969 मध्ये दिलं. त्याला 1996 चं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी तो गेला, तोही गाडीच्या स्टिअरिंगवर. त्याने दाखवलं की अरुंद जागेतून सगळ्यांना एकाच वेळी जायचं असेल, तर ऐन वेळी निघणारा रांगेत सर्वांत जास्त थांबतो आणि वेळेवर पोचतो. आधी निघणारा रांगेत थांबत नाही, पण तिथे पोचून ताटकळतो. लोक आपापल्या वेळा बदलत राहतात आणि शेवटी दोघांचाही तोटा सारखाच होतो. यातून सुटतो तो फक्त लवकर पोचण्याचं ओझं न वाटणारा माणूस. लातुरात तासभर आधी पोचून गंजगोलाईत चहा-नाश्ता करणारा, किंवा गाडीतच बसून दिवसाच्या कामाचे कागद वाचणारा.

ठरवलेल्या वेळेत महिन्यानुसार फेरफार करावा लागतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीन लातूरच्या बाजार समितीकडे निघतं. त्यानंतर साखर कारखाने सुरू होतात आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून गाळपाच्या दिवसांत परतीचा प्रवास उजेडी संपवावा हे माझं ठाम मत. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, आणि माळेगाव याच रस्त्यावर, लोहा तालुक्यात आहे. त्या दिवसांत घोडे, गाढवं, उंट आणि लाखो भाविक यांना वाट द्यायची म्हणून वेळ वाढवून धरावा.

शेवटी नेमकं सांगायचं तर, लातुरात दहाला काम असेल तर नांदेडहून पावणेसातला निघा. प्रवासाची 2 तास 18 मिनिटं, चहाला पंधरा आणि न सांगता येणाऱ्या अडचणींना चाळीस मिनिटं, एवढं त्यात बसतं. मुलाची परीक्षा असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.