तळ्याचा जमाखर्च : रेमंड लिंडमन

वनस्पतींनी साठविलेल्या ऊर्जेचा सुमारे दहावा हिस्साच त्या खाणाऱ्या प्राण्यांच्या देहात उतरतो; या प्राण्यांवर जगणाऱ्यांच्या वाट्याला त्याचाही दहावाच हिस्सा येतो. शालेय पुस्तकांतून शिकविल्या जाणाऱ्या या नियमास रेमंड लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव जोडले गेले आहे. ज्या निबंधामुळे ते नाव सर्वत्र पोहोचले, तो निबंध मात्र प्रथम नापसंत ठरला होता. आणि तो छापून निघाला तेव्हा त्याचा लेखक हयात नव्हता.

लिंडमन यांचा जन्म २४ जुलै १९१५ रोजी मिनेसोटा राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. १९३६ साली मिसूरी राज्यातील पार्क कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते मिनेसोटा विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या संशोधनासाठी दाखल झाले. अभ्यासासाठी त्यांनी सीडर बॉग लेक हे तळे निवडले. हे तळे जेमतेम मीटरभर खोल व गाळाने भरत चाललेले होते. पत्नी एलिनॉर यांच्या साहाय्याने लिंडमन यांनी सुमारे पाच वर्षे त्यातील जीवांचे नमुने गोळा केले व ते ओळखून त्यांची मोजदाद केली. हिवाळ्यात पृष्ठभाग गोठून पाण्यातील प्राणवायू घटला, म्हणजे कोणते जीव तगून राहतात, हेही त्यांनी तपासले.

कोण कोणास खातो, हे दाखविणारी जी आकृती त्यांनी काढली, तिच्या मध्यभागी त्यांनी तळाचा गाळ ठेवला. मेलेली झाडे व प्राणी गाळात मिसळतात. तेथील जीवाणू त्यांचे विघटन करतात, आणि त्यांतील क्षार पुन्हा वनस्पतींच्या उपयोगी पडतात. अशा गाळात सजीव कोठे संपते आणि निर्जीव कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होय. म्हणून सजीव सृष्टी व तिचा परिसर मिळून एकच घटक मानावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या घटकास ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ साली दिलेली ‘परिसंस्था’ ही संज्ञा त्यांनी स्वीकारली.

यानंतर त्यांनी तळ्यातील ऊर्जेचा हिशेब मांडला. तळ्यावर दर चौरस सेंटिमीटरास वर्षाकाठी १,१८,८७२ कॅलरी सूर्यप्रकाश पडतो. वनस्पती त्यांपैकी केवळ १११.३ कॅलरी, म्हणजे हजारांत सुमारे एक भाग, बांधून ठेवतात. वनस्पतिभक्षक प्राण्यांकडे १४.८ कॅलरी पोहोचतात, तर त्यांना खाणाऱ्यांकडे अवघ्या ३.१. उरलेली ऊर्जा कोठे जाते? काही श्वसनात खर्ची पडते, काही न खाल्लेल्या आणि न पचलेल्या अन्नाबरोबर निघून जाते. अन्नसाखळीत चारपाचांहून अधिक दुवे सहसा का नसतात, याचा उलगडा या हिशेबातून होतो.

१९४१ साली डॉक्टरेट मिळवून लिंडमन येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी आपल्या निबंधास अंतिम रूप देऊन तो ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठविला. चान्सी ज्यूडे व पॉल वेल्च या दोन नामांकित सरोवरतज्ज्ञांनी तो परत करण्याची शिफारस केली. तळ्यातळ्यांत भेद असतात. पुरेशी मोजमापे हाती नसता सिद्धान्त मांडणे घाईचे होईल, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. हा आक्षेप निराधार नव्हता. लिंडमन यांनी तुलनेसाठी वापरलेली मेंडोटा सरोवराची बरीच मोजमापे ज्यूडे यांच्याच परिश्रमाचे फळ होती. परंतु कोणती मोजमापे घ्यावीत हे ठरविण्यासाठीही सिद्धान्त लागतो. हचिन्सन यांनी निबंधाचा आग्रहाने पुरस्कार केला, आणि संपादक टॉमस पार्क यांनी सुधारणांनंतर तो स्वीकारला.

लिंडमन त्या वेळी यकृताच्या विकाराने आजारी होते. २९ जून १९४२ रोजी, वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरच्या अंकात निबंध प्रसिद्ध झाला; त्याच्या शेवटी हचिन्सन यांनी आपल्या या तरुण सहकाऱ्याविषयी टिपण जोडले होते.

शालेय नियमातील ‘दहा’ हा आकडा लिंडमन यांच्या कोष्टकात सर्वत्र आढळत नाही. सीडर बॉग लेकमध्ये वनस्पतिभक्षकांचे प्रमाण सुमारे १३ टक्के, तर मांसभक्षकांचे एक-पंचमांशाहून किंचित अधिक आहे. पुढे अनेक ठिकाणी घेतलेल्या मोजमापांतही हे प्रमाण बरेच कमीअधिक आढळले. दहा टक्के हा केवळ ढोबळ अंदाज होय. लिंडमन यांनी दिली ती हिशेबाची रीत. एखाद्या वनात वा समुद्रात किती ऊर्जा येते, ती कोणाकडे जाते आणि कोठे खर्ची पडते, हे प्रश्न परिस्थितिविज्ञान आजही त्याच रीतीने विचारते.