दाराशीं कारखाने, घरांत बेकारी

१९८५ सालीं वाळूज येथें बजाजचा कारखाना निघाला. पुढें शेंद्रा व बिडकीन येथेंही उद्योगांनीं जमीन व्यापिली. तथापि पैठण-कन्नडकडील कित्येक तरुण अद्यापि त्या दारांबाहेरच तिष्ठत आहेत. त्यांस आळशी म्हणणें सोपें आहे. परंतु यंत्र हातीं न देतां अनुभवाचा दाखला मागणें, हा कोठला न्याय?

२०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून बारावी झालेल्यास दरमहा ६,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन देऊं केलें, हें स्तुत्यच होय. परंतु मुदत सरतांच उमेदवार पुनः घरीं बसला, तर तो खर्च पाण्यांत गेला असेंच म्हणावें लागेल. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा व त्याखालील नियम ३० वा अधिक माणसें राबविणाऱ्या आस्थापनांवर शेंकडा अडीच ते पंधरा शिकाऊ घेण्याचें बंधन घालतात. तें कसोशीनें पाळलें जावें. शहरांत खोली घेण्याची ऐपत नसलेल्या मुलामुलींसाठीं वसतिगृहें निघावींत. आणि जागा रिकामी होतांच तेथेंच शिकलेल्याचा हक्क प्रथम मानावा.

कारखानदारांनो, कुशल कामगार आकाशांतून पडत नाहींत. ते घडवावे लागतात!