नकाशातलं शून्य

भूकंप सोसतील अशा इमारती कशा बांधाव्यात, याची भारतीय संहिता १९६२ साली निघाली: आयएस १८९३. तिच्या नकाशात देशाचे सात पट्टे पाडले होते, शून्यापासून सहापर्यंत. शून्य म्हणजे तिथे भूकंपाची चिंताच नको! द्वीपकल्पाचा मोठा भाग या शून्यात बसवला होता. आपला काळा कातळ कोट्यवधी वर्षं जुना. तो कशाला हलेल?

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३. शास्त्रज्ञ कारण शोधत गेले आणि बोट वळलं ते तिथल्या कोयना धरणाच्या पाण्याकडे. जलाशयाचं पाणी खडकातल्या भेगांत झिरपतं, तिथला दाब वाढवतं, आणि आधीच ताणाखाली असलेल्या भेगेला सरकायला निमित्त मिळतं. माणसाने अडवलेलं पाणी, आणि हलतो काही किलोमीटर खोलवरचा कातळ! तिथले धक्के आजही थांबलेले नाहीत.

१९७०च्या आवृत्तीत नकाशातला शून्य पट्टा काढून टाकला. वरवर पाहता कागदावरची एक दुरुस्ती. पण इमारतीला किती आडवा धक्का सोसता आला पाहिजे, हे गणित पट्ट्याच्या आकड्यावरून सुरू होतं आणि खांबातल्या सळईपर्यंत पोचतं. संशोधनाचं धोरण होतं ते असं, एका आकड्यातून.

तरी लातूर जिल्ह्यातली किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यातच राहिली. १९९२मध्ये गावाला हादरे जाणवले होते, तरीही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे भूकंपाने जे केलं ते सारा महाराष्ट्र जाणतो. तिथली माळवदाची घरं उन्हाळ्यात गार, पण छतावर मातीचे थर, खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन थरांना बांधणारा आरपार दगडही बहुधा नसे. हादऱ्याने थर फाकले आणि छत खाली आलं.

२००२मध्ये पहिला पट्टाही गेला. किल्लारी तिसऱ्यात आली. नकाशा दोनदा शहाणा झाला, दोन्ही वेळा माणसं गेल्यावर. हा क्रम मला अक्षम्य वाटतो. शिवाय नकाशा बदलला तरी जुन्या भिंती आपोआप बदलत नाहीत.

घर घेताना फरशीचा रंग जरूर पाहा. पण बिल्डरला हेही विचारा: आयएस १८९३नुसार आपण कुठल्या पट्ट्यात आहोत, आणि इमारतीचं गणित त्याप्रमाणे केलंय का?