पुसायचं नाही, झाकायचं

आजी-आजोबांचा एकत्र असा एकही फोटो आमच्या घरात नाही. आजीचा आहे तो स्टुडिओतला: नऊवारी, नथ, खुर्चीत ताठ बसलेली, मागे फिकट पडदा. आजोबा सापडतात ते शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, चुन्याच्या भिंतीला पाठ लावून. आईच्या पंचाहत्तरीला हे दोघं तिला एका चौकटीत दिसावेत म्हणून मी दोन्ही फोटो स्कॅन केले.

पहिल्या खेपेला आजोबांच्या भोवतालचे शिक्षक मी इरेझरने पुसून टाकले. त्यात त्यांच्या कानाची पाळी गेली. लक्षात आलं तोवर फाइल सेव्ह करून बंद केलेली. पुन्हा स्कॅनपासून सुरुवात! लेयर मास्क शिकले ते त्या कानापायी.

लेयर म्हणजे एकीवर एक ठेवलेल्या काचा. फोटोशॉपमध्ये त्या १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आल्या. मास्क हे वरच्या काचेला जोडलेलं आणखी एक चित्र, पण त्यात फक्त काळा, पांढरा आणि मधला राखाडी. मास्क पांढरा असेल तिथे वरचा फोटो दिसतो, काळा असेल तिथे तो झाकला जाऊन खालचा दिसतो, राखाडी असेल तिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात. नेहमीच्या ८ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अशा २५६ छटा मिळतात. मूळ फोटोला मात्र धक्का लागत नाही. कान चुकून झाकला गेला तर पांढरा ब्रश फिरवायचा, कान जागेवर येतो. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही हेच तंत्र आहे. शिकताना हमखास होणारी चूक एकच: मास्कऐवजी फोटोवरच रंग फासला जातो. लेयरच्या पट्टीत फोटोचा आणि मास्कचा असे दोन छोटे चौकोन शेजारी शेजारी दिसतात. ब्रश हातात घेण्यापूर्वी मास्कच्या चौकोनावर क्लिक केलंय ना, हे दर वेळी बघावं.

झाकून जोडण्याची ही विद्या छायाचित्रणाच्या बालपणापासूनची आहे. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देत. समुद्र नीट यावा इतका वेळ दिला, की आभाळ पांढरंफटक होई. म्हणून फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलं, सांधा क्षितिजाच्या रेषेवर घेतला. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून तयार केलं. एक आकृती छापायची, तेव्हा बाकीचा कागद झाकलेला, मग पुढची. शेवटच्या आकृतीला हात चुकला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. त्यांच्या त्या धीराला मी मनापासून नमस्कार करते.

क्षितिज सरळ तरी असतं. माणसाच्या डोक्याची कड तशी नसते. आजोबांच्या कोटाचा खांदा लहान, कडक ब्रशने झाला. केसांना तो चालेना, डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसू लागलं. तेव्हा त्या फोटोचीच प्रत मास्कमध्ये टाकली, ती उलटी केली आणि कॉन्ट्रास्ट वाढवला. काळे केस पांढरे झाले, चुन्याची भिंत काळी झाली, आणि एकेक बट आपोआप सुटून आली. चेहरा तेवढा हाताने पांढरा करून घेतला. समोरच्या रांगेमुळे आजोबा छातीपर्यंतच दिसत होते, म्हणून त्यांना आजीच्या खुर्चीमागे उभं केलं.

खरी अडचण उजेडाची. आजीवर तो डावीकडून येत होता, आजोबांवर उजवीकडून. आजीचा फोटो उलटवला तर नथ उजव्या नाकपुडीत जाते आणि पदर उजव्या खांद्यावर. आईच्या ते तत्क्षणी लक्षात आलं असतं. आजोबांना उलटवलं तर कोटाचा खिसा आणि भांग दोन्ही बाजू बदलतात. मग दोघांनाही तसंच ठेवलं. आजोबांच्या उन्हातल्या गालावर कर्व्हज, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी सोय, लावून तो किंचित उतरवला, दुसरा किंचित उजळला. त्या कर्व्हजलाही मास्क होताच, हलक्या राखाडीचा, कानाकडून नाकाकडे विरत जाणारा. शेवटी पडद्यावर आजोबांची पुसटशी सावली दिली आणि दोन्ही फोटोंचे दाणे जुळवले. सगळ्यात जास्त वेळ या दाण्यांनी खाल्ला.

आई स्क्रीनपुढे बराच वेळ बसली. मग तिने विचारलं, “शाळेचा फोटो बिघडवला नाहीस ना?” मी शिफ्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं. मास्क बंद झाला. आजीवर तो ग्रुप फोटो पसरला आणि आजोबांच्या आजूबाजूला त्यांचे सोबती पुन्हा उभे राहिले. आईने चष्मा सारखा केला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि सांगायला लागली, “हे ड्रॉइंगचे मास्तर. हे गणिताचे. आणि हे, टोपीवाले, रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर यायचे...”