महाविद्यालयीन युवक आणि मानसरोग : शब्द परिचित, रोग अपरिचित

रावेर तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरात ‘दिनचर्या व आरोग्य’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यानानंतर कोणी हात वर करून प्रश्न विचारला नाही, म्हणून विद्यार्थ्यांना निनावी चिठ्ठ्या लिहिण्यास सांगितले. केस गळणे व मुरुमे यांविषयीचे प्रश्न अपेक्षितच होते. परंतु अनेक चिठ्ठ्या मनाविषयी निघाल्या. ‘डिप्रेशन म्हणजे वेड का?’ ‘झोपेच्या गोळ्यांची सवय लागते का?’ ‘बहिणीचे उपचार चालू आहेत हे कळले तर माझे लग्न अडेल का?’

या चिठ्ठ्यांनी बरेच काही शिकवले. ‘टेन्शन’, ‘डिप्रेशन’ हे शब्द आजच्या युवकांच्या तोंडी सहज असतात. मात्र तोच विकार स्वतःच्या घरी आला की तो झाकला जातो, आणि भ्रम किंवा भास होऊ लागले की ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताकडे धाव घेतली जाते. अज्ञानापेक्षाही येथे लज्जा अधिक प्रबळ आहे.

वैद्य मित्रहो, या बाबतीत माझीही एक चूक सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी केळी बागायतदार कुटुंबातील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. भूक नाही, डोके रिकामे वाटते, झोप येत नाही, अशा त्याच्या तक्रारी होत्या. मी अग्निमांद्याची चिकित्सा केली, जोडीला ब्राह्मी दिली. मनाविषयी मात्र एकही प्रश्न विचारला नाही. दीड महिन्याने वडील त्याला घेऊन आले, तेव्हा तो कानांत कोणी बोलते असे सांगत होता. वसतिगृहातील मित्रांना हे पूर्वीच ठाऊक होते. त्याचे नाव खराब होऊ नये म्हणून ते गप्प राहिले होते. त्याच दिवशी त्याला जळगावच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. तो सावरला, परंतु त्याचे एक शैक्षणिक वर्ष वाया गेले.

त्या रात्री चरकाचे निदानस्थान पुन्हा उघडले. उन्मादाच्या पूर्वरूपांत शिरःशून्यता, कर्णनाद, अन्नाची अनिच्छा व अकारण उद्वेग स्पष्ट सांगितले आहेत. पदवीच्या परीक्षेत लिहिलेले हे उत्तर समोर बसलेल्या रुग्णात मला दिसले नव्हते. त्याच अध्यायात आचार्य रुग्णाच्या दुःखाचा दोष देव, गंधर्व वा राक्षस यांना न देता प्रज्ञापराधाकडे बोट दाखवितात. रोगाचा विचार हेतू, दोष व लक्षणे यांनी करावा, हा शास्त्राचा मार्ग आहे. मानसरोगाची लाज ही आपल्या शास्त्राची देणगी नव्हे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) शेजारच्या मध्य प्रदेश व गुजरातसह १२ राज्ये होती. निरनिराळ्या मानसविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे त्यातून दिसले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णास उपचारांचा व गोपनीयतेचा हक्क देतो. ‘मनोविज्ञान व मानसरोग’ विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांना या कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे, केवळ बी.ए.एम.एस. असलेल्या आपणांस नाही. ही मर्यादा ओळखणे हेही वैद्याचे कर्तव्यच.

तथापि आपले एक बलस्थान आहे. ‘मनाच्या डॉक्टरकडे’ जाण्यास कचरणारा विद्यार्थी पित्त, अपचन वा निद्रानाश सांगत आपल्या दवाखान्यात निःसंकोच येतो. म्हणून अशा प्रत्येक युवकास एकांतात विचारावे : मन कशात रमते का? भास होतात का? जीव नकोसा वाटतो का? असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. संशय येताच तज्ज्ञांकडे पाठवावे, चालू असलेली आधुनिक औषधे परस्पर बंद करू नयेत. सत्त्वावजय, निद्रा व आहार यांची जोड आपण अवश्य द्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लावावा.

शिबिरातील त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतील एकीवर केवळ एवढेच होते : ‘हे कोणाला सांगावे?’ त्या विद्यार्थ्याला आपल्या दवाखान्याचे दार आठवावे, इतका विश्वास आपण निर्माण करू या.