स्वालबार्ड : बोट लहानच का हवी?
नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या संरक्षित क्षेत्रांत २०२५पासून २००हून अधिक प्रवाशांच्या बोटींना प्रवेश नाही. किनाऱ्यावर उतरायचं तेही ठरावीक जागीच. म्हणून बुकिंगआधी केबिनच्या सजावटीपेक्षा हे विचारा : रबरी होड्या किती, सगळ्यांना एकदम उतरवतात की पाळीपाळीने, सोबत वाटाडे किती? दुर्बीण हवीच, कारण ध्रुवीय अस्वलांपासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर लांब राहावं लागतं. हा नियम अगदी रास्त आहे. लहान बोट लाटांवर जास्त हलते, तेव्हा उलटीवरच्या गोळ्या जवळ ठेवा. भारतीयांसाठी महत्त्वाचं : स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, ऑस्लोमार्गे जाऊन तिथूनच परतायचं, तर व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या.