कंडेन्सर माइक ‘सगळं घर’ ऐकतो का?

घरी गाणं किंवा निवेदन रेकॉर्ड करायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: कंडेन्सर घेऊ नका, तो शेजारचा कुकरही पकडतो, डायनॅमिकच घ्या. हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यापायी अनेकांचे पैसे वाया जातात.

कंडेन्सरची संवेदनशीलता जास्त असते, हे खरं. तेवढ्याच आवाजाला तो जास्त व्होल्टेज देतो. पण गाणं आणि कुकर दोन्ही तो सारख्याच पटीत वाढवतो. डायनॅमिकचा गेन चढवून गाणं त्या पातळीला आणा, कुकरही जवळपास तितकाच वर येईल. दोन्हींचं प्रमाण ठरतं ते तोंड माइकपासून किती लांब आहे आणि माइक कोणत्या दिशेचं ऐकतो यावर. डायनॅमिकला लोक ओठ लावून बोलतात, कंडेन्सरसमोर हातभर लांब बसतात. खरा फरक बहुतेक वेळा तिथेच पडतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करा आणि गाणाऱ्याच्या मागे जाड रजई टांगा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून रस्त्यावरचा आवाज अडत नाही.

‘मोठा डायफ्रॅम म्हणजे जास्त खर्ज’ हेही चूक. छोट्या डायफ्रॅमचे माइकही खालचे स्वर नीट घेतात. शिवाय बाजूने येणारा आवाज ते कमी बिघडवतात, त्यामुळे संतूरवर पडणारा कलमाचा आघात किंवा तबल्याची चाट टिपायला मला तेच आवडतात. मोठ्या डायफ्रॅमचा खरा फायदा म्हणजे माइकची स्वतःची सरसर कमी असते. कंपन्यांच्या आकड्यांनुसार ऑडिओ-टेक्निका एटी २०२० मध्ये ती २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी १ मध्ये फक्त ४.५. वितीवरून खुल्या गळ्याने गाताना हा फरक जाणवणार नाही. तानपुरा किंवा हळू आवाजातलं कथावाचन लांबून घेतलं, तर जाणवेल. तोही खोली शांत असेल तरच, कारण शहरातल्या खोलीत रात्रीसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. पंखा चालू ठेवूनच रेकॉर्डिंग करणार असाल, तर महागड्या माइकचे पैसे आधी खोलीवर खर्च करा.

४८ व्होल्टच्या फँटम पॉवरने डायनॅमिक माइक जळतो, ही भीतीही निराधार आहे. धड एक्सएलआर केबलच्या दोन्ही तारांवर सारखाच व्होल्टेज असतो, म्हणून कॉइलमधून प्रवाह वाहत नाही. जपायचं ते जुन्या रिबन माइकला, विशेषतः केबल सदोष असेल तेव्हा.

दुकानात दोन माइक ऐकून पाहताना दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्या. किंचित मोठा ऐकू येणारा माइक कानाला चांगलाच वाटतो.